बांध, तीन फूट

काल रात्री पुन्हा फोन. “साहेब, मोजणीचं काय झालं?” मी मोजणीवाला नाही, हे चौथ्यांदा सांगितलं. “बरं बरं, पण वर शब्द टाका,” म्हणाले आणि ठेवला.

नंबर मीच दिला होता. मेणवलीच्या घाटावर भल्या पहाटे ट्रायपॉड रोवून, वर फोर बाय फाइव्ह, म्हणजे चार बाय पाच इंची फिल्मचा कॅमेरा चढवून, डोक्यावर काळं कापड घेऊन वाकलो होतो. कापडाआडून आवाज आला, “आलात का एकदाचे! दुर्बीण जुनी दिसतीय.” धोतर, टोपी, गालात तंबाखू. भावकीनं यांचा बांध तीन फूट सरकवलाय आणि मोजणीची वाट बघून ते थकलेत.

“काका, हा कॅमेरा आहे. फोटोचा.”

“मग बघू की,” म्हणत ते थेट कापडात शिरले. थोडा वेळ शांतता. मग, “अहो, कृष्णामाई वर गेली! देऊळ लटकतंय!”

“भिंगातून प्रतिमा उलटीच पडते, काका. डावं-उजवंही उलटं.”

“नवा घेतला का? पावती हाय? मग बदलून घ्या.”

मी गप्प. त्यांनी मान वाकडी करून घाट सरळ बघायचा प्रयत्न केला, त्यात ट्रायपॉडला गुडघा लागला आणि वीस मिनिटांचं फोकसिंग नदीत गेलं. पुतण्यालाही हाक मारली, “ये, उलटं देऊळ बघ!” माझ्या कापडाला अजून तंबाखूचा वास येतो. दोनदा धुतलंय.

मित्र विचारतात, फोन असताना हा उपद्व्याप कशाला? एकदा कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर नदी उजळलेली बघा म्हणावं. शिवाय नेहमीच्या पस्तीस मिलिमीटरच्या पंधरापट मोठी निगेटिव्ह. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स मंडळींनी १९३२ साली सॅन फ्रान्सिस्कोत चक्क एफ/६४ (म्हणजे भिंगाचं अगदी बारीक छिद्र) नावाचा गट काढला, दगड न् दगड टोकदार दिसावा म्हणून. त्यांच्या वाटेला हे काका आले नव्हते, एवढंच. आणि मित्रांनो, आदल्या रात्री बाथरूमच्या दाराच्या फटीला टॉवेल कोंबून, मिट्ट काळोखात फिल्मच्या शीटच्या कोपऱ्यातली खाच बोटानं चाचपत होल्डर, म्हणजे दोन बाजूंना दोन शीटांची चपटी पेटी, भरायचा, हे तुमचं काम नाही. फुकट सल्ले देणं सोपं असतं.

असो. पुन्हा फोकस केलं, होल्डर सरकवला. तेवढ्यात काकांनी विचारलं, “तीन फूट म्हंजे गुंठ्याला किती पडतील?” मी हिशेब करत डार्क स्लाइड, म्हणजे शीटवरचं झाकण, ओढली. शटर उघडंच! काचेवर बघायला उघडलेलं, बंद करायचं राहिलं. शीट खलास. दोघांच्या मिसळीचे पैसे गेले, आणि गुंठ्याचा हिशेबही चुकला.

होल्डरच्या दुसऱ्या बाजूचं शीट उरलं होतं. शटर बंद केलं, दोनदा बघितलं. एफ/३२, एक सेकंद. “काका, आता हलू नका.” “न्हाई हलत.” केबल दाबली.

परवा निगेटिव्ह धुवून स्कॅन केली. पायऱ्यांच्या सांधीतलं गवत मोजून घ्या, इतकी टोकदार. मधोमध मात्र धोतराचा एक पांढरा धुरकट पट्टा, त्यावर टोपी. पायरीच्या मापानं अंदाज घेतला. साधारण तीन फूट सरकलेत.