ओसरी दिल्याने घर गेले नाही

सध्या सगळीकडे फिरणारा एक दावा असा: नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांत अल्पसंख्याकांच्या फुटीर चळवळी परक्यांनी पेटवल्या, त्यांना स्वायत्तता दिली की ‘भटाला दिली ओसरी’ अशी गत होते, म्हणून सुरुवातीलाच चिरडून टाकावे. यातले मधले विधान मला सगळ्यात घातक वाटते.

आधी परका हात. तो असतो. १९६० साली कटांगा काँगोतून फुटला तो बेल्जियमच्या आणि खाणमालकांच्या जिवावर. पण नायजेरियाच्या पूर्व भागाने बियाफ्रा या वेगळ्या देशाची घोषणा केली मे १९६७ मध्ये, आणि उत्तर नायजेरियात पूर्वेकडच्या इग्बो समाजाच्या हजारो लोकांची कत्तल झाली ती १९६६ मध्ये. जीव मुठीत धरून पूर्वेकडे पळालेल्या माणसांना कुणी परक्याने शिकवायची गरज नव्हती. फ्रान्सने बियाफ्राला मदत केली, हे खरे. पण ब्रिटन आणि सोव्हिएत युनियन दोघेही शस्त्रे पुरवत होते ती नायजेरियाच्या केंद्र सरकारला.

आता ओसरी. दक्षिण सुदानात पहिले बंड झाले ऑगस्ट १९५५ मध्ये, देश स्वतंत्र होण्याच्याही आधी. सतरा वर्षांच्या रक्तपातानंतर १९७२ च्या आदिस अबाबा कराराने दक्षिणेला स्वतःचे विधिमंडळ आणि सरकार मिळाले. त्यावर दक्षिण फुटली का? नाही, अकरा वर्षे मोठे युद्ध झाले नाही. १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष निमेरी यांनी दक्षिणेचा एकसंध प्रदेश मोडून त्याचे तीन भाग केले, देशभर शरिया लागू केला, आणि त्याच वर्षी युद्ध पुन्हा पेटले. तेव्हाही बंडाचे नेते जॉन गरांग वेगळा देश मागत नव्हते, सर्वांना सामावणारा नवा सुदान मागत होते. पुढची बावीस वर्षे लढण्यात गेली. २०११ च्या सार्वमतात ९८ टक्क्यांहून अधिक मते वेगळे होण्याच्या बाजूने पडली, ती दिलेले काढून घेतल्यानंतर.

श्रीलंकेतही तेच. १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा झाली. पुढच्या वर्षी पंतप्रधान बंडारनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम यांच्यात प्रादेशिक परिषदांचा करार झाला, तो १९५८ मध्ये भिक्खूंच्या दबावाखाली रद्द झाला. तमिळ पक्षांनी वेगळ्या राष्ट्राचा ठराव केला तो १९७६ मध्ये, म्हणजे करारानंतर तब्बल एकोणीस वर्षांनी. तोवर मागणी संघराज्याची होती.

राहिले चिरडणे. मार्च १९६६ मध्ये आयझॉलवर आपल्याच हवाई दलाने बाँब टाकले. मिझो बंड त्यानंतर वीस वर्षे चालले. ते थांबले १९८६ च्या कराराने, आणि पुढच्या वर्षी बंडाचे नेते लालडेंगा मिझोरम राज्याचे मुख्यमंत्री झाले.

यावर हमखास २००९ चा दाखला येतो: श्रीलंकेत बळानेच युद्ध संपले ना? लढाई संपली, सव्वीस वर्षांनी. मूळ मागणी मात्र तिथेच आहे. १९८७ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने प्रांतांच्या नावे लिहिलेले पोलीस आणि जमिनीचे अधिकार त्यांच्या हाती अजून पूर्णपणे आलेले नाहीत.