फ्यूज वाढवून शॉर्ट जात नाही, वायर जळते

कापूस वेचणीचा हंगाम लागला की कमांडर, मार्शल, ट्रॅक्स अशा जुन्या जीपगाड्या पुन्हा कामाला जुंपल्या जातात. त्याच सुमारास मोबाइलवर एक मेसेजही फिरू लागतो. त्याचा मतलब असा: फ्यूज वारंवार उडतो म्हणजे फ्यूज कमजोर आहे, 30 अँपिअरचा टाका नाहीतर तांब्याची तार पिळून लावा. गाडी सुरू होते म्हणजे वायरिंग ठीक आहे. शॉर्ट, म्हणजे वायरीतला करंट भलत्याच वाटेने बॉडीला जाणं, पाहायचा तर बॅटरीची केबल काढून टर्मिनलला टेकवा, ठिणगी पडली की शॉर्ट. बॅटरी रातोरात उतरली तरी शॉर्टच. आणि विदर्भाच्या उन्हात वायरी वितळतात, म्हणून शोधत न बसता पूर्ण वायरिंग बदला.

हा मेसेज पाठवणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. पण ज्या गाडीत मागे कापूस भरलेला असतो आणि जी रात्री कुटाराच्या, म्हणजे सुक्या भुशाच्या ढिगाशेजारी उभी राहते, तिच्या मालकाने यातला पहिलाच सल्ला ऐकला तर गाडी आणि माल दोन्ही जाऊ शकतात.

फ्यूज कमजोर नसतो. तो वायर वाचवण्यासाठी बसवलेला असतो, दिव्यासाठी नाही. 60 वॅटचे दोन हेडलाइट 12 व्होल्टवर साधारण 10 अँपिअर ओढतात. तिथे 15 चा फ्यूज पुरतो. तो उडतो याचा अर्थ करंट दिव्यातून न जाता दुसऱ्याच वाटेने बॉडीला जातो आहे. आता समजा वायरीचं कव्हर घासून तांबं चेसिसला अर्धवट टेकतं आणि 25 अँपिअर वाहतात. 15 चा फ्यूज तुटेल. 30 चा तुटणार नाही. दिवे लागतील, गाडी चालेल, आणि डॅशबोर्डच्या मागे ती वायर तापत राहील. पिळलेल्या तारेचं तर विचारूच नका. किती तारा पिळल्या, किती जाड होत्या, ती किती करंटवर तुटेल, हे लावणाऱ्यालाही सांगता येत नाही.

'गाडी सुरू होते' हाही पुरावा नाही. जुन्या डिझेल इंजिनाला स्पार्क लागत नाही. जिथे पंप मेकॅनिकल आहे आणि इंजिन बंद करायला खेचायची केबल आहे, तिथे एकदा फिरलेलं इंजिन विजेशिवायही चालतं. धक्का मारून गाडी सुरू होते ती म्हणूनच. वायरिंग अर्धं जळलं तरी अशी गाडी सरकी काढणाऱ्या जिनिंगपर्यंत पोचेल.

मग शोधायचं कसं? मेसेजने जे 'शोधत बसू नका' म्हणून उडवून लावलं, ते काम खरं तर ब्रेकलाइटच्या एका बल्बवर होतं. आधी फ्यूज नेमका कधी उडतो ते पाहा. ब्रेक दाबल्यावर उडत असेल तर मागच्या ब्रेकलाइटची लाइन, दिव्याचं बटण ओढल्यावर उडत असेल तर दिव्यांची, नुसती चावी फिरवताच उडत असेल तर चावीनंतरची. अर्धा शोध इथेच संपतो आणि त्याला पैसा लागत नाही.

नंतर उडालेला फ्यूज काढा आणि त्याच्या खाचेतल्या दोन पट्ट्यांमध्ये ब्रेकलाइटचा 21 वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडा. आता शॉर्ट असला तरी त्या बल्बमधून पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त करंट जात नाही, त्यामुळे काही जळत नाही. एक गोष्ट मात्र बरेच जण विसरतात: त्या लाइनवरचे हेडलाइट, टेललाइट सगळे आधी काढून ठेवायचे. ते जोडलेले असले तर त्यांच्यातूनही वाट मिळते आणि टेस्टचा बल्ब उगाच पेटतो. सगळं काढूनही बल्ब लख्ख पेटत असेल तर शॉर्ट नक्की. मग एकेक कनेक्टर सोडत जा. ज्या क्षणी बल्ब विझतो, त्या क्षणी सोडलेल्या तुकड्यात दोष आहे.

बल्ब पेटतच नसेल आणि फ्यूज फक्त रस्त्यावर उडत असेल, तर एकाला गाडीत बसवून स्टेअरिंग फिरवायला लावा आणि तुम्ही वायरी हलवत जा. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून वायरी जातात तिथला रबर बहुधा झडलेला असतो. ट्रॉलीसाठी मागे काढलेलं सॉकेट, चिखल भरलेले टेललाइटचे होल्डर, नंतर जोडलेला गाण्यांचा टेप आणि एलईडीची पट्टी, सीटखाली उंदरांनी कुरतडलेली जागा, हे आधी पाहावं. गाडी गोठ्यात कुटाराजवळ उभी असते तिथे उंदीर मला पहिला संशयित वाटतो.

ठिणगीची परीक्षा तर बंदच करा. चार्जिंग झालेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याच्या तोंडाशी मुद्दाम ठिणगी पाडायची नसते. शिवाय टेपची मेमरी किंवा घड्याळ असलं तरी बारीक ठिणगी पडते. तो शॉर्ट नव्हे. निगेटिव्ह केबल काढा आणि केबल व टर्मिनल यांच्यामध्ये करंट मोजणारा मल्टिमीटर 10 अँपिअरच्या खाचेत लावून पाहा. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका. चावी बंद, दिवे बंद असताना साध्या जुन्या गाडीत आकडा जवळजवळ शून्य हवा. 50 मिलिअँपिअर असले तरी दिवसाला 1.2 अँपिअर-तासच जातात, त्याने एका रात्रीत चांगली बॅटरी उतरत नाही. एका रात्रीत उतरते ती बॅटरी म्हातारी झालेली असते, नाहीतर मोठी गळती असते. ती बऱ्याचदा बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या खराब डायोडमधून होते, आणि त्यात फ्यूज उडत नाही.

उन्हाबद्दल एवढंच: चंद्रपूरला पारा 46 च्या वर जातो हे खरं, पण साधं पीव्हीसी कव्हरही 70 अंशांसाठी बनवलेलं असतं. ऊन ते वितळवत नाही, वर्षानुवर्षं कडक करतं. मग ते वाकवल्यावर तडकतं. जागोजागी असं तडकत असेल किंवा पूर्ण जुडगा जळला असेल तर वायरिंग बदलावंच लागेल. एका घासलेल्या जागेसाठी मात्र नाही, कारण बदललेल्या वायरिंगमध्ये बारीक वायर, पिळलेले जोड आणि गाळलेले फ्यूज येण्याची भीती असते.

शेवटी ती जाड केबल, जिच्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. बॅटरीपासून स्टार्टरला जाणाऱ्या या केबलवर बहुतेक जुन्या गाड्यांत फ्यूजच नसतो. सायलेन्सरच्या पाइपाजवळून किंवा चेसिसच्या कडेवरून ती कुठे घासते का, हे हंगामाआधी हात फिरवून पाहा, आणि माल भरून गाडी रात्रभर उभी राहणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर तिथेच शॉर्ट होतो.