डावा कल्ला, उजवा कल्ला आणि नवा मालक

माझा उजवा कल्ला डाव्यापेक्षा अर्धा बोट वर गेलाय. आज चौथा दिवस. घरातले म्हणतात, कुणाच्या लक्षात येत नाही. पण म्हणताना सगळे बघतात उजवीकडेच. आणि याचं कारण काय, तर इंग्लंडातल्या फुटबॉल क्लबांचे मालक. हे कुणाला सांगायची सोय आहे का?

रविवारची सकाळ, वेंगुर्ल्याचा बाजार, सलूनची खुर्ची, तोंडाला फेस. दाढी करणारा पोरगा चेल्सीवाला, माझ्या अंगात मँचेस्टर युनायटेडची लाल जर्सी. त्याने वस्तऱ्यात नवं पातं घालत विचारलं, "नवो मालक इलो काय क्लब सुधारता काय ओ?" अशा वेळी शहाण्याने गप्प बसावं. पण हा विषय निघाला की माझं तोंड फेसासकट उघडतं.

चाहत्यांना नवा मालक हवा असतो श्रीमंत घरजावयासारखा. पैसा पोत्याने आणायचा आणि घरच्या कारभारात चकार शब्द काढायचा नाही. पावसातल्या मॅचला भिजत बसायचं, हरलो तर शिव्या खायच्या, जिंकलो तर मागच्या रांगेत उभं राहून टाळ्या वाजवायच्या. आणि भिंतींचा रंग बदलायचा नाही. कार्डिफ क्लबच्या मलेशियन मालकाने २०१२ मध्ये निळी जर्सी लाल केली. पुढच्याच वर्षी टीम प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये चढली, तरी लोकांनी माफ केलं नाही. २०१५ च्या जानेवारीत निमूट निळा रंग परत आणावा लागला.

ही अपेक्षांची वाईट खोड लावली मँचेस्टर सिटीने. १ सप्टेंबर २००८ ला अबुधाबीवाल्यांचा सौदा जाहीर झाला आणि त्याच रात्री रेआल माद्रिदचा रॉबिन्यो सव्वातीन कोटी पौंडांना दारात हजर. तेव्हापासून नव्या सुनेने माप ओलांडावं तसा नव्या मालकाने स्ट्रायकर काखेत घेऊनच उंबरठा ओलांडायचा, असा रिवाज पडला. या मालकांचं पहिलं लीग विजेतेपद यायला २०१२ उजाडलं आणि तोवर रॉबिन्यो केव्हाच मिलानला निघून गेला होता, हे कुणी लक्षात ठेवत नाही.

न्यूकॅसलचं घ्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदीच्या सरकारी फंडाच्या गटाने साडेतीस कोटी पौंडांना क्लब घेतला. लोक स्टेडियमबाहेर डोक्याला टॉवेल गुंडाळून नाचले. एम्बापे येणार म्हणून पोरांनी मनातल्या मनात जर्सीवर नावं छापली. जानेवारीत आला कोण? एकतीस वर्षांचा राइट बॅक ट्रिपियर, आणि मागोमाग बर्नलीचा ख्रिस वुड, अडीच कोटींना. मागितलं चंदन, आलं जळाऊ. पण त्याच जळणावर चूल पेटली. उतरणीला लागलेली टीम अकरावी आली. मोठा देशी चषक हातात यायला मार्च २०२५ लागला, तोही सत्तर वर्षांनी.

"पण पैशे होते तर घेतल्यानी कित्याक नाय?" पोराने डावा गाल उरकत विचारलं.

कारण पैसा असणं वेगळं आणि खर्चायची मुभा असणं वेगळं. तिकडच्या ज्या नियमाने २०२५-२६ च्या हंगामापर्यंत क्लबांची झोप उडवली, तो असा होता: तीन वर्षांत मिळून तोटा साडेदहा कोटी पौंडांच्या आत. त्यातलेही नऊ कोटी मालकाने स्वतःचं भांडवल म्हणून ओतले तरच. नाहीतर मुभा दीड कोटीचीच. स्टेडियम, अकादमी, महिलांची टीम यांवरचा खर्च यात धरत नसत. म्हणून नवे मालक स्ट्रायकरआधी विटा-सिमेंटच्या गोष्टी करत आणि चाहते समजत, हा बिल्डर निघाला. मर्यादा ओलांडली की लीगमधले गुण कापत. एव्हर्टनचे नोव्हेंबर २०२३ मध्ये दहा कापले, मग अपिलात सहावर आणले, नंतर आणखी दोन. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार.

आता खरी मेख. दहा कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या कराराने घेतला, तर वहीत दर वर्षी दोन कोटीच पडतात. करार आठ वर्षांचा केला की तेच सव्वा कोटी. चेल्सीच्या २०२२ च्या नव्या मालकांनी हेच ओळखलं आणि मुद्रिक नावाच्या खेळाडूला साडेआठ वर्षांचा करार दिला. मग नियमवाल्यांनी हिशेबापुरती पाच वर्षांची वेसण घातली. या हिशेबात एक कीड आहे. अकादमीतून वर आलेल्या पोराची वहीतली किंमत शून्य, म्हणून तो विकला की येईल तो सगळा नफा. बाहेरून आणलेला फसलेला खेळाडू विकला की वहीत उरलेल्या रकमेपेक्षा जेवढं कमी आलं तेवढा तोटा अंगावर. त्यामुळे स्टँडमधले लोक 'आमच्याच गल्लीतला पोरगा' म्हणून गाणी गात असतात आणि वरच्या मजल्यावर त्याच पोराच्या विक्रीचे कागद तयार होत असतात.

इथे पोराचा वस्तरा थांबला. माझ्यामुळे नाही. बाकावरचे काका बोलले म्हणून.

या काकांच्या डोक्यावर केस नाहीत. दाढी ते घरी करतात. सलूनात यायचं कारण पेपर आणि गजाली. धंदा आंब्याचा: लोकांच्या बागा कराराने घ्यायच्या, फवारणी, राखण, पेट्या, सगळं स्वतः बघायचं. त्यांनी पेपरची घडी केली. पेपर घडी होतो म्हणजे आता लांबणार.

"म्हणजे घरचो कलम विकूचो नि बाजारातलो आणून लावचो? ह्यो खयचो शेतकरी?"

मी म्हटलं, काका, याहून भारी आहे. आमच्या क्लबचं ऐका. २००५ मध्ये एका अमेरिकन कुटुंबाने जवळपास ७९ कोटी पौंडांना तो घेतला. त्यातला मोठा भाग कर्जाने उभा केला आणि ते कर्ज चढवलं क्लबच्याच डोक्यावर.

काकांनी चष्मा काढला. "थांब थांब. माझी बाग घेवक तू कर्ज काढलंस. बरोबर? तारण म्हणून माझीच बाग ठेवलंस. नि हप्ते फेडतंस माझ्याच आंब्यातून."

"हो."

"मगे त्येच्यात तुझा काय रे?"

"मालकी."

काका पूर्ण अर्धा मिनिट गप्प. मग अत्यंत आदराने म्हणाले, "अशी बाग खय गावता ती माका सांग. आज घेतंय."

सलून हसलं. पोरगा हसला, हातात वस्तरा घेऊन. मी आरशात बघत होतो. गालावरचा फेस सुकून त्याचे पापुद्रे सुटायला लागले होते. पण काकांना आता रंग चढला होता. ते उठून माझ्या आणि आरशाच्या मध्ये उभे राहिले.

"करारवालो नि मालक, फरक कसो वळखूचो सांगतंय. कल्टार. झाड मोहराक आणूचा औषध. दापोलीचे विद्यापीठवाले सांगतत, झाडाच्या विस्ताराच्या दर मीटराक तीन मिली, पंधरा जुलै ते पंधरा ऑगस्ट. ज्येचा स्वतःचा झाड तो मोजून घालता. चार वर्सांच्या करारान घेतलेलो दुप्पट ओतता. पयली दोन वर्सां आंबो बघून लोक खुळे होतत. मगे? पालवी येना नाय, शेंडे आखडतत. तोवर तो दुसऱ्या बागेत. तुझो मालक कसो, मोजून घालणारो काय ओतणारो?"

माझा वीस मिनिटांचा अभ्यासपूर्ण विवेचनाचा ऐवज या माणसाने एका बाटलीत भरला, हे मला लागलं. म्हणून मी घाईने वर्तमानात आलो. २०२४ च्या फेब्रुवारीत एका ब्रिटिश उद्योगपतीने चौथाईहून थोडा जास्त हिस्सा घेतला. जन्म मँचेस्टरजवळचा, लहानपणापासून याच क्लबचा चाहता. आम्हाला वाटलं, घरचा माणूस आला. घरच्या माणसाने आल्यावर अडीचशे माणसं कमी केली, पुढच्या वर्षी आणखी दोनशेपर्यंत कमी करायचं ठरलं, नोकरांचं फुकट जेवण बंद केलं, म्हाताऱ्या माजी मॅनेजर फर्ग्युसनचा मानाचा करार संपवला आणि उरलेल्या तिकिटांचा दर ६६ पौंड केला, पोराबाळांना, म्हाताऱ्यांना सवलत नाही.

"जेवाण बंद केल्यान?" काकांचा आवाज चढला. "आमच्या बागेत राखणीक रवतत तेंका तांदूळ-डाळ आधी, मगे पगाराचा बोलणा. नि छप्पार? छप्पार तरी करता मा?"

नेमकं वर्मावर. २०२४ च्या मे महिन्यात आर्सेनलच्या मॅचला आमच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाच्या छपरातून धबधबा कोसळला. व्हिडिओ जगाने पाहिला. हे मी सांगितलं नाही. पोराने सांगितलं, चेल्सीवाल्याने, मिटक्या मारत.

"मिरगाआधी कौलां परतूक नको?" काका म्हणाले. यावर कोण काय बोलणार?

मला विषय बदलायचा होता. म्हटलं, निदान आमचा क्लब लीगमध्ये तरी आहे. बरी नावाचा क्लब होता, सव्वाशे वर्षं लीगमध्ये. डिसेंबर २०१८ मध्ये तो एक पौंडाला विकला गेला. एक पौंड, तेव्हाचे नव्वदेक रुपये, म्हणजे या सलूनातली एक कटिंग. ऑगस्ट २०१९ मध्ये पैशांची सोय दाखवता आली नाही म्हणून लीगमधून हाकलला. मालकाची परीक्षा घेणारी कसोटी तेव्हाही कागदावर होती. इथे बाजारात दीड किलोची सुरमई घेताना आपण कल्ला उचलून लाल आहे का बघतो, डोळा दाबतो, मग भाव करतो. तिकडे क्लब विकताना कल्ला कुणी उचललाच नाही.

आणि पुणेकरांचं काय, पोराने विचारलं. ते दुखणं वेगळंच. ब्लॅकबर्न म्हणजे १९९५ चा प्रीमियर लीग विजेता. पुण्याच्या कोंबडीवाल्या व्यंकीजनी नोव्हेंबर २०१० मध्ये २.३ कोटी पौंडांना घेतला. टीम तेराव्या नंबरवर, ठीकठाक. महिन्याभरात अनुभवी मॅनेजर अॅलार्डाइसला नारळ. मग रोनाल्डिन्योला आणायच्या बाता. तो गेला ब्राझीलला. मे २०१२ मध्ये टीम खालच्या लीगमध्ये घसरली, त्या संध्याकाळी चाहत्यांनी मैदानात जिवंत कोंबडी सोडली. २०१७ मध्ये आणखी एक पायरी खाली. न्यायाने बोलायचं तर या मालकांनी वर्षानुवर्षं तोटा खिशातून भरलाय. तरी शिव्या थांबत नाहीत. कारण पैसा ही अपेक्षा पहिली असली तरी शेवटची नसते. आल्या आल्या आम्हाला विचारलं का, हा राग राहतो. रेक्सहॅम क्लब घेणाऱ्या दोन नटांनी २०२० मध्ये आधी चाहत्यांच्या ट्रस्टचं मत घेतलं, नाव-गाव बदलणार नाही असं लिहून दिलं, मग २०२१ मध्ये पैसे घातले. पहिला पूर्ण हंगाम वाया गेला तरी लोक थांबले. मग सलग तीन बढत्या.

"ता सगळा बरोबर," काका म्हणाले, "पण सातबाऱ्यार तुझा नाव आसा?"

"नाही."

"इतर हक्कात?"

"नाही."

"कूळ म्हणान तरी?"

सलून पुन्हा हसलं. मग त्यांनी माझ्या जर्सीचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं. "कितीक घेतलंस?"

खरं सांगायची गरज नव्हती. पण समोर वस्तरा असला की माणूस खरं बोलतो. "अडीचशे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात."

"म्हणजे त्या मालकाक तुझ्याकडसून एक पैसो पण गेलो नाय! नि तू त्येच्या नावान रडतंस?"

यावर एवढा हशा झाला की शेजारच्या दुकानातून माणूस बघायला आला, आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगण्यात आलं. मी मध्येच. अर्धा घोटलेला.

तेवढ्यात, शेजारच्याने सहज विचारलं, "काका, तुमच्या नाटक कंपनीचा काय?"

काकांचा चेहरा बदलला. लहानपणापासून ते एकाच दशावतार कंपनीचे. त्यांच्या नाटकासाठी रात्री वीस-वीस किलोमीटर जातात. ती कंपनी यंदा नव्या मालकाने घेतली.

"शिरा पडली त्येच्या तोंडार! पेटीवालो बदलल्यान! तीस वर्सां जो माणूस पेटी वाजवता त्येका घराक बसवल्यान. स्त्रीपार्टी नवी. संकासुर खयचो तो हिंदी पिक्चराचे डायलॉग मारता. अरे तू मालक, तू पैशे घाल, टेम्पो बघ, जत्रेक येवन खुर्चेर गप बस! कंपनी तुझी नाय रे, आमची ती!"

मी खुर्चीत ताठ झालो. शब्द जिभेवर तयार होता. एकच प्रश्न: सातबाऱ्यावर नाव आहे? पण नेमक्या त्याच क्षणी पोराला आपलं काम आठवलं. त्याने उजव्या गालावर नव्याने फेस फासला, तोंडासकट, आणि वस्तरा गळ्याला लावला. नजर मात्र काकांकडे. पेटीवाल्याचं त्यालाही वाईट वाटत होतं. मी "ऊं" केलं. त्याने मान दाबली. काका डोळे पुसत होते, खरंच पुसत होते, आणि वस्तरा त्या ऐकण्याच्या भरात कल्ल्याच्या वर, आणखी वर चालला होता.

पैसे पूर्ण घेतले. "पुढच्या खेपेक बरोबर करतंय," पोरगा म्हणाला. जे कापलंय ते पुढच्या खेपेला कसं बरोबर होतं, ते मला समजलेलं नाही. बहुधा डावाही वर नेतील.

काल मच्छी मार्केटात काका भेटले. सुरमईचा कल्ला उचलून बघत होते. तो सोडून माझ्याकडे बघितलं. "कल्लो वाकडो हा रे तुझो. मालक बदलूक सांग त्या सलूनाचो."

या वेळी तोंडाला फेस नव्हता. तरी मला काही सुचलं नाही.