‘राग मानू नका’ म्हणणाऱ्या वाचकास

लंडनच्या हाइड पार्कात नाताळाच्या दिवसांत भरणाऱ्या विंटर वंडरलँड या जत्रेवर मी लिहिलं, त्याखालची तुमची लांबलचक प्रतिक्रिया वाचली. नाव दिलेलं नाही, म्हणून ‘वाचक महोदय’ म्हणते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शनिवारी सहकुटुंब तिथे जाणं म्हणजे पैशाचा चुराडा, लेखात खर्चाचा आकडा नाही, आणि सार्वजनिक बागेला कुंपण घालून आठवडेच्या आठवडे धंदा चालतो त्यावर मी चकार शब्द काढलेला नाही. त्यानंतर हे वाक्य: ‘ताई, राग मानू नका, पण तिकडे गेलं की आपल्या लोकांना नाताळ आठवतो, मार्गशीर्षातले गुरुवार बरोबर विसरतात.’

‘राग मानू नका’ वाचलं की पुढे काय वाढून ठेवलंय ते कळतंच. ज्याला खरंच कुणाला दुखवायचं नसतं तो सरळ विचारतो, ‘तुमच्याकडे गुरुवार करता का?’ मी उत्तर दिलं असतं, वर फोटोही टाकला असता. पण तुम्हाला विचारायचं नव्हतंच. निकाल आधीच लागलेला होता, आरोपी सापडायची तेवढी खोटी होती.

विचारलं नाहीत तरी सांगते. आमच्याकडे दर मार्गशीर्षात घट मांडतात. नारळ आणि विड्याची पानं वेंब्लीच्या ईलिंग रोडवरून येतात. पाच झाडांच्या डहाळ्या कुठून आणणार? डिसेंबरात इथली निम्मी झाडं खराटा झालेली असतात. मग अंगणातलं लॉरेल, कुंडीतली रोझमेरी, जे हिरवं उरलंय ते कलशात जातं. चारच्या आधीच सूर्य मावळतो. ऑफिसातून येऊन हातपाय धुऊन पोथी उघडेपर्यंत बाहेर काळोख. तरी पोथी वाचली जाते. याचा लेख लिहिला नाही, कारण त्याची जाहिरात करायची असते हे मला ठाऊक नव्हतं.

आणि जत्रेचं म्हणाल तर मी खटाव तालुक्यातली आहे. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा थंडीतच भरते, मार्गशीर्षातच. वद्य दशमीला रथ निघतो आणि भाविक त्यावर इतक्या नोटा लावतात की रथाचं लाकूड दिसेनासं होतं. वडिलांच्या खांद्यावर बसून मी तो पाहिलाय, जनावरांच्या बाजारातली धूळ खाल्लीय, पाळण्यासाठी हट्ट करून धपाटाही खाल्लाय. पाळण्याला तिथेही पैसे पडायचे. वडिलांची कमाई बेताची होती, पण ‘चुराडा’ हा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही.

त्या शनिवारी आई आमच्याबरोबर होती, हे लेखात आहे; तुम्ही तिथवर वाचलंत का कोण जाणे. साडीवर फुगीर जाकीट, कानाला मफलर, पायात जाड मोजे नि माझे जुने बूट. जुन्या बँडस्टँडभोवती स्केटिंगसाठी बर्फाचं रिंगण केलेलं असतं. तिथे धाकटा आधाराला दिलेल्या प्लॅस्टिकच्या पेंग्विनचे कान धरून फरफटत होता आणि आई कठड्याबाहेरून ‘वाकू नको, वाकू नको’ ओरडत होती. शेजारच्या इंग्रज आजीबाईही आपल्या नातवाला तेच सांगत असाव्यात, हातवारे तरी तसेच होते. मोठ्या पाळण्याखाली उभी राहून आई म्हणाली, ‘ह्याच्यापेक्षा पुसेगावचा जोरात फिरतो की गं.’ हिला तुम्ही मार्गशीर्ष शिकवणार?

खर्चाचा आकडा द्यायला हवा होता, हे मान्य. शनिवार-रविवारी आत जायलाच तिकीट पडतं आणि आतला प्रत्येक खेळ वेगळा. आम्ही गेलो त्या वर्षी आडवारी गर्दी नसताना प्रवेश फुकट होता. एवढं लिहायला हरकत नव्हती. पण चार माणसांच्या खाण्याला किती लागले हा हिशेब मी नवऱ्यालाही देत नाही.

राहता राहिलं बागेचं कुंपण. ही जत्रा 2007 पासून भरते, पण हाइड पार्कात तिकीट लावायला तिने शिकवलेलं नाही. 1851 साली याच बागेत काचेचा महाल उभारून जागतिक प्रदर्शन भरलं होतं, आपला कोहिनूरही तिथे मांडला होता, आणि स्वस्तातल्या दिवशीही दाराशी एक शिलिंग मोजावा लागे. आज बाग सांभाळणारी रॉयल पार्क्स ही संस्था खर्चाचा मोठा भाग अशाच कार्यक्रमांतून उभा करते. हिरवळीची जत्रेनंतर दुर्दशा होते म्हणालात, तर होत असेल. ते त्यांना विचारा, मी तिथली माळी नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तिच्याखाली माझ्या मावसबहिणीने तुम्हाला जे काही लिहिलं होतं ते मात्र काढलंय. त्याबद्दल आभार मानले नाहीत तरी चालेल.