न्यूटनची बादली आणि आपली अभ्यासक्रमांची भिंत

अकरावीला सायन्स घेतलेल्या मुलाला तत्त्वज्ञानाचं एक पानही वाचावं लागत नाही, आणि तत्त्वज्ञानात बी.ए. करणाऱ्या मुलीची भौतिकशास्त्राशी पुन्हा गाठ पडत नाही. ही फारकत दोघांचंही नुकसान करते, असं माझं ठाम मत आहे.

न्यूटनची बादलीच घ्या. 1687च्या ‘प्रिन्सिपिया’ या त्याच्या ग्रंथात हा प्रयोग आहे. पाण्याची बादली दोरीला टांगायची, दोरीला पीळ भरायचा आणि सोडून द्यायची. आधी नुसती बादली फिरते, पाणी सपाट राहतं. हळूहळू पाणीही तिच्याच वेगानं फिरू लागतं, कडेला वर चढतं, मधे खळगा पडतो. आता बादलीच्या तुलनेत पाणी स्थिर आहे, तरीही खळगा आहे! मग ते फिरतंय म्हणायचं ते कशाच्या तुलनेत? न्यूटनचं उत्तर होतं, निरपेक्ष अवकाशाच्या. म्हणजे जे दिसत नाही आणि कुठल्याही इंद्रियाला जाणवत नाही, त्याच्या.

न्यूटनचा समकालीन जर्मन तत्त्वज्ञ लायबनिझ याला असं अवकाश मान्यच नव्हतं. 1883 मध्ये ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ एर्न्स्ट माखनं (विमानांच्या वेगाचा ‘माख’ आकडा याच्याच नावाचा) न्यूटनच्या या उत्तरावर थेट हल्ला केला. तुलना करायचीच तर ताऱ्यांशी करा, विश्वातल्या बाकीच्या वस्तुमानाशी करा, असं त्याचं म्हणणं. बादलीच्या भिंती कित्येक मैल जाड केल्या तर पाणी काय करेल, हे कुणी पाहिलंय, असा त्याचा सवाल. आइन्स्टाइननं तरुणपणी बर्नमध्ये मित्रांसोबत माख वाचला, स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूम वाचला. 1915च्या व्यापक सापेक्षतेमागे, म्हणजे त्याच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतामागे, माखची ही टीका आहे, हे त्यानं स्वतः मान्य केलं. तरी माखचा विचार त्या सिद्धांतात पुरता बसला नाही. म्हणून 1964 मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयल आणि आपल्या कोल्हापूरचे जयंत नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. त्यात कणाचं वस्तुमान विश्वातल्या इतर सगळ्या कणांमुळे ठरतं. तो सर्वमान्य झाला नाही. पण तत्त्वज्ञानातली शंका गणितात उतरवून निरीक्षणाच्या कसोटीला लावणं, हीच मला हवी असलेली निसर्गमीमांसा, म्हणजे निसर्गाचा तात्त्विक विचार.

भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगनी 2010 मध्ये तत्त्वज्ञान मेलं असं लिहिलं, ते मला अजिबात पटत नाही. आणि ‘क्वांटम’चं नाव घेऊन अध्यात्माला टेकू देणारी व्याख्यानं तर त्याहून नाही. तिथे ना गणित असतं, ना शंका.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची आणि तत्त्वज्ञानाची मुलं आठवड्यातून एक तास एकाच वर्गात बसवा. सुरुवात बादलीपासून करा. प्राध्यापक मंडळींनो, यासाठी विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहायची गरज नाही.