मना फोनमा चालस का?

आज जळगावात विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांच्या एका स्पर्धेत परीक्षकांनी माझ्या विद्यार्थिनीला विचारलं, "यात एआय कुठंय?" ती म्हणाली, "सर, यात एआयची गरज नाही." त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं, "साधं कॅल्क्युलेटर आहे" म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. लॅपटॉपकडे एक नजर टाकली असेल. तिने हातात धरलेल्या फोनकडे तर बघितलंही नाही. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय.

ते "साधं कॅल्क्युलेटर" काय आहे ते आधी ऐका. पोरगी अमळनेर तालुक्यातल्या खेड्यातली, घरी कापूस. वेचणी झाली की खेडा खरेदीवाला दारात काटा लावतो, वजन तोंडी सांगतो, क्विंटलमागे घट धरतो, हमाली कापतो, आधी दिलेली उचल वजा करतो आणि हातावर नोटा ठेवतो. मधला सगळा हिशोब त्याच्या डोक्यात. हिने त्या हिशोबाचं वेबपान बनवलं. वजन, भाव, घट, हमाली, उचल भरा, हातात किती यायला पाहिजेत ते समोर येतं. एवढंच आहे ते.

लॅपटॉपवर पहिल्याच दिवशी झकास चाललं. तिने वडिलांना दाखवलं, तर आप्पांनी अहिराणीत एकच विचारलं, "मना फोनमा चालस का?" म्हणजे माझ्या फोनवर चालतं का? आप्पांचा फोन जुना, कीबोर्ड मराठी. त्यांनी वजन टाकलं, १२४०, आपल्या देवनागरी आकड्यांत. उत्तराच्या जागी आलं "नॅन". "हाई काय शे वं?" हे काय आहे गं?

वेब शिकणाऱ्या पोरांनो, इथे नीट लक्ष द्या. हे तुम्हाला ट्यूटोरियलमध्ये सहसा सापडणार नाही. जावास्क्रिप्ट, म्हणजे पानातला हिशोब ज्या भाषेत लिहितात ती, देवनागरी अंकांना संख्या मानत नाही. तिच्या लेखी १२४० हा नुसता मजकूर, म्हणून ती "ही संख्या नाही" असं उत्तर देते, तेच ते नॅन. पोरीने दोन दिवस डोकं खाजवलं आणि शोधून काढलं की युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, ० ते ९ हे आपले अंक ओळीने बसलेत. शून्याचा क्रमांक वजा केला की खरा आकडा हातात येतो. चार ओळींचा कोड. मग रकान्याचा प्रकार साधा मजकूर ठेवून इनपुटमोड डेसिमल केला, म्हणजे बोट लावल्यावर आकड्यांचा मोठा कीपॅड उघडतो. आता आप्पांनी मराठीत टाका, इंग्रजीत टाका, हिशोब बरोबर येतो. हे कुणी तिला शिकवलं नव्हतं. आप्पांचा फोन समोर होता म्हणून प्रश्न दिसला.

आणि याला म्हणे साधं कॅल्क्युलेटर!

पहिलं बक्षीस मिळालेला प्रकल्प मी माझ्या फोनवर उघडला. रंगीत डॅशबोर्ड, फिरणारे आलेख, पण आकडे सगळे नमुन्याचे. पान आडवं सरकत होतं, पहिला फोटो येईपर्यंत मी स्टेजवरचं अख्खं भाषण ऐकलं. त्या पोरांवर माझा राग नाही. त्यांनी जे बघून बक्षीस मिळतं ते बनवलं. राग आहे तो लॅपटॉपवर, कॉलेजच्या वायफायवर बघून दोन मिनिटांत निकाल देणाऱ्यांवर. क्रोममध्ये एफ १२ दाबलं की नेटवर्क मुद्दाम हळू करून बघता येतं. एका परीक्षकालाही ते करावंसं वाटू नये?

मान्य, त्यांच्यापुढे ढीगभर प्रकल्प होते.

पण मग स्पर्धा ठेवता कशाला? २०१७ पासून स्मार्ट इंडिया हॅकाथॉन ही केंद्र सरकारची विद्यार्थ्यांसाठीची स्पर्धा होते आहे. तिथे प्रश्न खरोखरच्या मंत्रालयांकडून, खात्यांकडून येतात, हे त्यातलं सगळ्यात चांगलं. आमच्याकडच्या स्पर्धांनी त्यातलं उचललं काय, तर रात्रभर जागणं आणि टी-शर्ट. प्रश्न कुणाचा आहे हे कुणी विचारतच नाही. त्या हॅकाथॉनमध्ये सहा जणांच्या टीममध्ये निदान एक मुलगी पाहिजे असा नियम आहे. नियम उत्तम. पण मी बघितलेल्या कितीतरी टीममध्ये त्या मुलीला पीपीटी करायला आणि बोलायला पुढे करतात, कोडला हात लावू देत नाहीत. माझ्या पोरीने एकेक ओळ स्वतः लिहिली आहे. तिला विचारा कुठली ओळ का आहे, झोपेतून उठून सांगेल.

थांबलो जरा, पाणी पिऊन आलो.

कुणीतरी म्हणेलच की पुण्यात नोकरीला गेलं तर रिॲक्ट (वेबपानं बनवायची जावास्क्रिप्टची लायब्ररी) विचारतात, आप्पांचा फोन नाही विचारत. बरोबर आहे. रिॲक्ट शिकाच, मीही शिकवतो. पण आधी एचटीएमएल शिका, पान ज्या टॅगांनी म्हणजे खुणांनी रचतात ती भाषा. बटण हवं तिथे बटणाचाच टॅग वापरा, डिव्हला, म्हणजे नुसत्या चौकटीच्या टॅगला, रंग देऊन बटण करू नका. प्रत्येक रकान्याला लेबल द्या, म्हणजे ज्याला दिसत नाही त्याचा स्क्रीन रीडरही ते वाचून दाखवेल. पानाची भाषा मराठी आहे हे पहिल्याच टॅगमध्ये लिहा. मराठी शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवू नका, शिरोरेषा तुटते आणि अक्षरं सुटी सुटी दिसतात. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.६ च्या आसपास ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर येऊन बसतो. फोनने काढलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवू नका. आकार कमी करा, वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये बदला, शंभर-दीडशे केबीत भागतं. तुमचा नेटपॅक संपत नसेल, बघणाऱ्याचा संपतो.

हिचं अख्खं पान ४० केबीच्या आत आहे. सर्व्हिस वर्कर लावलाय, तो पान फोनमध्येच साठवून ठेवतो, त्यामुळे एकदा उघडलं की नंतर शेतात रेंज नसली तरी चालतं. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर फुकट ठेवलंय. कापूसवाल्या माणसाकडून ती काय पैसे घेणार होती?

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत असताना जगापुढे ठेवलेलं पहिलं संकेतस्थळ सर्नने २०१३ मध्ये पुन्हा मूळ पत्त्यावर आणून ठेवलं. ते आजही कुठल्याही स्वस्त फोनवर उघडतं, कारण त्यात साध्या एचटीएमएलपलीकडे काही नाही. वर्गात मी ते दरवर्षी दाखवतो. आणि सर्नने १९९३ मध्ये वेबचं हे तंत्र सगळ्यांसाठी मोकळं करून टाकलं, म्हणून तर आमच्या तालुक्यातली पोरगी कुणाची परवानगी न घेता पान टाकू शकते.

अमळनेरात १९४५ साली वनस्पती तेलाची कंपनी निघाली आणि तीच पुढे विप्रो झाली, हे आमच्याकडे दर सत्काराला ऐकायला मिळतं. अभिमान मलाही आहे. पण माइकवरून ते सांगणाऱ्या मंडळींनी एकदा स्टेजवरून खाली यावं, खिशातला फोन काढावा आणि पोरांनी काय केलंय ते स्वतः उघडून बघावं. सत्काराची शाल नको, दहा मिनिटं द्या. पोरांना त्याचीच भूक आहे, मी रोज बघतो.

परतीच्या गाडीत ती गप्प होती. धरणगाव गेलं तरी बोलली नाही. मला वाटलं रडेल. मी काहीतरी समजुतीचं बोलायला जाणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "सर, कीबोर्ड उघडला की उत्तर खाली झाकलं जातं. आप्पांना दर वेळी कीबोर्ड बंद करावा लागतो. उत्तराचा चौकोन वर नेऊ का?" आणि तिथेच फोनवर कोड उघडून बसली. मी हे लिहीत होतो तेव्हा तिचा मेसेज आला, चौकोन वर गेलाय, आप्पांनी बघितला.

मला आता बक्षिसाचं फारसं वाटत नाही. खोटं कशाला बोलू, थोडं वाटतंय अजून.

तर एक काम आहे. पुढच्या महिन्यापासून वर्गातल्या प्रत्येक पोराला आपलं पान जुन्या फोनवर चालवून दाखवावं लागणार, त्याशिवाय मी ते बघणार नाही. त्यासाठी फोन पाहिजेत. कुणाच्या कपाटात जुना अँड्रॉइड पडलेला असेल तर द्या. काच तडकलेली चालेल, चार्ज होत असला म्हणजे झालं. आपले फोटो, नंबर, खाती आधी पुसून टाका. अमळनेर, पारोळा, धरणगाव, चोपड्याकडचे असाल तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन, इनबॉक्समध्ये फक्त गावाचं नाव टाका.