पाऊणपट समुद्र

पुण्याला समुद्र नाही, हे आम्ही कधी मनावर घेतलेलं नाही. खडकवासल्याच्या धरणाकाठी चार कणसंवाले आणि दोन भजीवाले बसले की आम्ही त्याला चौपाटी म्हणतो आणि विषय मिटवतो. आमच्या घरातही तो मिटलेलाच होता. पण जानेवारीतल्या एका रविवारी तिथेच, तिखट-लिंबू लावलेलं कणीस खाता खाता, सहा वर्षांच्या लेकीनं विचारलं, "बाबा, इथल्या लाटा कुठायत?"

"बाळा, हे धरण आहे."

"मग चौपाटी का म्हणतात?"

चाळीस वर्षं पुण्यात काढलेल्या माणसाला कुठल्याही प्रश्नाचं उत्तर येतं. याचं येईना. शेजारी साडूभाऊ भजी खात होते. ते म्हणाले, "त्यात काय एवढं! एक दिवस जाऊन येऊ की कोकणात. पोरांना खरा समुद्र दाखवू." गरम भजी तोंडात असताना माणूस काहीही बोलतो. पण हे बायकोनं ऐकलं, तिच्या ताईनं ऐकलं आणि आम्ही घरी पोचेपर्यंत 'समुद्र फायनल' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघालासुद्धा. पुढचे तीन आठवडे त्यात समुद्र सोडून सगळं होतं, आणि फायनल काहीच नव्हतं.

मुक्काम करायचा नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी ठरलं. सोमवारी शाळा, साडूभाऊंना सुट्टी नाही. म्हणजे पहाटे निघायचं, रात्री परत. घाट उतरायचा, समुद्र बघायचा, घाट चढायचा. राहिला एवढाच प्रश्न की कुठला समुद्र.

साडूभाऊंच्या लेखी समुद्र म्हणजे सुरमईचं राहतं घर. किनारे त्यांना खानावळींवरून आठवतात. "नागाव म्हणजे ते, जिथं सोलकढी तिसऱ्यांदा मागितली तरी तोंड वाकडं करत नाहीत." बायकोचा एकच निकष, बाथरूम. ती दर ठिकाणी फोन लावून विचारायची, "नळाला गोडं पाणी येतं ना? बादली असते ना? दाराला आतून कडी आहे ना?" पलीकडच्या माणसाला आपण पोलीस चौकशीत सापडलोय असं वाटत असणार. ताईंना वाळू पांढरी हवी होती, कारण त्यांनी घेतलेली हॅट काळ्या वाळूवर उठून दिसत नाही. लेकीला डॉल्फिन हवा होता. आमच्या तीन वर्षांच्या चिरंजीवांना जेसीबी हवा होता. समुद्रावर जेसीबी नसतो, असं त्यांना चारचौघांत सांगायची कुणाची हिंमत झाली नाही. ताईंचा मुलगा चार वर्षांचा. तो म्हणाला, मला आंघोळ नको. समितीत डोकं ठिकाणावर असलेला तो एकटाच.

आणि मी? मी भित्रा माणूस आहे. मी एक्सेलमध्ये तक्ता केला. त्यात अंतर, सावली, पार्किंग असे रकाने होते आणि 'उतार' नावाचा एक खास रकाना होता. पाण्यात दहा पावलं गेल्यावर तीन वर्षांचा मुलगा कुठवर बुडतो, हे त्यात भरायचं होतं. ते कुठून भरायचं, हे मला माहीत नव्हतं. तरी रकाना होता. त्यानं झोप बरी लागायची.

मग एका शनिवारी रात्री आमच्या हॉलमध्ये बैठक बसली. आई कोपऱ्यात गवार निवडत होती.

अलिबाग पहिल्याच फेरीत बाद झालं. "अर्धी मुंबई तिथे असते," बायको म्हणाली, "आणि उरलेलं पुणे." ओहोटीला कुलाबा किल्ल्यात पायी जाता येतं, अशी माहिती मी दिली. "आणि आत असताना भरती आली तर?" यावर माझ्याकडे रकाना नव्हता. नागावचं नाव निघाल्यावर ताईंनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. किनाऱ्यावर हौसेनं नेलेली गाडी वाळूत रुतलेली, बॉनेटपर्यंत पाणी, आणि मालक शेजारी कमरेवर हात ठेवून उभा. नंबरप्लेट एमएच १२. साडूभाऊंची गाडी नवी आहे आणि स्वभाव तोच आहे. नागाव गेलं. काशीदची वाळू पांढरी, पण तिथली लाट दणकट, मोठ्या माणसालाही पाय रोवू देत नाही. मी नकाराधिकार वापरला. ताई दोन मिनिटं माझ्याशी बोलल्या नाहीत. हॅट बोलत होती. हरिहरेश्वरला देवळामागून खडकांवरून प्रदक्षिणा असते. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला उसळता समुद्र, आणि मधे आमचे चिरंजीव. मी डोळे मिटून घेतले.

श्रीवर्धनच्या बाजूनं साडूभाऊ इतिहासात शिरले. पेशव्यांचं मूळ गाव ते. तिथून घाट चढून आलेल्या बाळाजी विश्वनाथांना १७१३ मध्ये पेशवाई मिळाली. "तीनशे वर्षांपूर्वी धड रस्ता नसताना माणसं वर आली, आपल्याला गाडी घेऊन खाली जाता येत नाही?" बायको म्हणाली, "त्यांच्याबरोबर दोन पोरं आणि वाळूची खेळणी नव्हती." इतिहास तिथेच संपला.

डॉल्फिनसाठी दापोलीकडे, हर्णै-मुरुडला जायला हवं होतं. आईचं माहेर तिकडचं. तिचे हात गवारीवर थांबले. पण एका दिवसात ते झेपणारं नव्हतं. गणपतीपुळ्याचंही कुणीतरी नाव घेतलं, पण त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

रात्री साडेअकराला दिवेआगर ठरलं. ते कुणाचीच पहिली पसंती नव्हतं, सगळ्यांची तिसरी होती. लांबच लांब किनारा, सुरूच्या झाडांची सावली, ताम्हिणीतून रस्ता, घरगुती जेवण. रविवारही ठरला, फेब्रुवारीतला तिसरा. तेव्हा आईनं विचारलं, "तिथी कोणती आहे रे त्या दिवशी?"

"आई, मुहूर्त नाही बघायचाय. समुद्र बघायचाय."

सगळे हसले. मीही हसलो. आईनं गवारीची शीर ओढली आणि गप्प बसली.

त्या रविवारी साडेचारला निघायचं ठरलं होतं, म्हणजे सहा वाजून दहा मिनिटांनी निघालो. चिरंजीवांना ऐनवेळी आपलं पिवळं घमेलं हवं झालं आणि ते ताईंच्या घरी होतं. मुळशीचं पाणी चमकायला लागलं, धुकं होतं, मला फार बरं वाटलं. हे बरं वाटणं ताम्हिणीच्या चौथ्या वळणापर्यंत टिकलं. पाचव्यावर लेकीनं विचारलं, "बाबा, पिशवी कुठे आहे?" पिशवी साडूभाऊंच्या गाडीत होती. पुढच्या प्रसंगाचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो, की समुद्रावर घालायचे कपडे घाटातच घातले गेले.

माणगावात मुंबई-गोवा महामार्ग लागतो. त्याचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं, माझ्या लग्नाच्या आधी. आता मला दोन मुलं आहेत. बाजारात गाड्यांची रांग लागली होती आणि रांग कसली, वाहनतळच तो. बायकोनं इंजिन बंद करायला सांगितलं. साडूभाऊंचा मागून फोन आला, "इथं मिसळ बरी मिळते म्हणे, उतरायचं का?" पण तेवढ्यात चिरंजीव किंचाळले. रस्त्याकडेला, मातीच्या ढिगाऱ्यावर, सोंड उगारलेला खराखुरा जेसीबी. आणि पलीकडे आणखी एक! पाऊण तास ते काचेला नाक लावून बसले होते. रांग हलली तेव्हा त्यांनी असा टाहो फोडला, की शेजारच्या एसटीतल्या आजीनं खिडकीतून बोट नाचवून दाखवलं. त्यांची सहल झालेली होती. आमची अजून व्हायची होती.

दिवेआगरला पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. आईला आधी गणपतीचं दर्शन हवं होतं. तिथला सोन्याचा मुखवटा १९९७ साली बागेत जमिनीखाली सापडला. २०१२ मध्ये दरोडा पडून तो गेला आणि परत मिळालेल्या सोन्यातून घडवलेला मुखवटा २०२१ मध्ये देवळात बसवला गेला. दर्शन झालं, चहा झाला, तिन्ही पोरांना क्रीम थापून भुतं बनवून झाली. सुरूच्या बनातून आम्ही फौजेसारखे निघालो. घमेलं, फावडी, चटया, हॅट, पाण्याच्या बाटल्या. झाडं संपली. वाळू सुरू झाली.

समुद्र नव्हता.

म्हणजे होता. पण लांब, पार लांब, चंदेरी रेघेसारखा. मधे ओली, चपटी, चकचकीत वाळू. त्यावर एक घोडागाडी उभी होती आणि घोडाही तिकडेच बघत होता.

"मागच्या वेळी इथंच होता," साडूभाऊ म्हणाले.

लेक माझ्याकडे बघत होती. खडकवासल्याला जशी बघितली होती, तशीच.

आई चटईवर बसत म्हणाली, "आज एकादशी आहे."

"बरं मग?"

"अरे, तिथीला पाऊणनं गुणायचं. आमच्याकडे शेंबडं पोर करतं हे. अकरा पाऊणे सव्वाआठ. सव्वाआठला भरती. तिथून सहा तास मोज, सव्वादोनला पाणी पार खाली. आत्ता चाललंय ते जायलाच लागलंय."

मी मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक काढलं. अर्ध्या तासाचा फरक निघाला. तो मी आईला सांगितला. ती म्हणाली, "मग तुझा मोबाइल मागे असेल."

"पण आई, हे आधी सांगायचं ना!"

"विचारलं होतं मी, तिथी कोणती म्हणून. तुम्हाला मुहूर्त बघायचा नव्हता." मग जरा दया येऊन म्हणाली, "एवढं काय तोंड करतोस? तो गणपती नऊ वर्षांनी परत आला, हा संध्याकाळी येईल."

शेवटी समुद्राकडे चालत जायचं ठरलं. पोरं अर्ध्या वाटेतच अडकली. ओल्या वाळूत बारक्या खेकड्यांनी बिळाभोवती वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी घातली होती. लेक उकिडवी बसली ती उठेना. चिरंजीवांनी खड्डा खणायला घेतला आणि तोंडानं जेसीबीचा आवाज काढायला लागले. ताईंनी हॅट घातली. वाळू काळसर होती, पण ओली असल्यामुळे हॅटचं प्रतिबिंब पडत होतं. दोन-दोन हॅटा. त्या खूश.

मी लेकीला कडेवर घेऊन पाण्यापर्यंत गेलो आणि खाली उतरवलं. लाट घोट्यावर आली, परत जाताना पायाखालची वाळू ओढून घेऊन गेली. लेक हसली, मग आणखी पुढे जायला लागली. मागून, एवढ्या लांबून, आईचा आवाज आला. पंचाहत्तरीची बाई, पण आवाज खाडीपलीकडे जाणारा. "गुडघ्याच्या पुढे नाही! ओहोटीचं पाणी आत ओढतं!" माझ्या तक्त्यात उतार होता, सावली होती, पार्किंग होतं. हे नव्हतं. मी दोघांचे पाय मागे घेतले.

"बाबा, डॉल्फिन?"

"तो एकादशीला येत नाही."

जेवायला दोन वाजता पोचलो. साडूभाऊंनी चार दिवस आधी पाच सुरमईची ताटं सांगून ठेवली होती. पाचवं ताट आईसमोर आलं. तिनं ते साडूभाऊंकडे सरकवलं आणि खानावळवाल्या बाईंना विचारलं, "साबुदाणा आहे का हो घरात?" बाईंचीही एकादशी निघाली. दोघी स्वयंपाकघरात गेल्या त्या तासभर आल्याच नाहीत. आतून हर्णैच्या कुठल्याशा घराची, मग कुणाच्या तरी सुनेची चौकशी ऐकू येत होती. साडूभाऊंनी दोन ताटं संपवली. सोलकढी तिसऱ्यांदा मागितली, तोंडं वाकडी झाली नाहीत. गोडं पाणी होतं, बादली होती, कडी मात्र बाहेरून होती. बायको दाराशी पहारा देत उभी राहिली.

साडेचारला गाड्या भरल्या. चटया झटकताना लेक किनाऱ्याकडे धावली आणि ओरडली, "बाबा, आला! तो आला!" खरंच, पाणी निम्म्यावर आलं होतं. खड्ड्यापर्यंत पोचायला अजून तासभर लागला असता. आम्हाला घाट अंधाराच्या आत चढायचा होता.

माणगावात रात्र झाली. जेसीबी अंधारात झोपले होते, चिरंजीव माझ्या मांडीवर. त्यांच्या चड्डीतून वाळू गळत होती, ती मला पुढे सर्व्हिसिंगच्या वेळी सापडणार होती. साडूभाऊंचा मेसेज आला : पुढच्या वेळी कुठे? ग्रुपचं नाव त्यांनी बदलून 'समुद्र फायनल २' केलं होतं. मी मागे वळून आईला विचारलं, यावेळी रीतसर, "आई, तिथी कोणती घ्यायची?"

तिनं पर्समधून छोटं पंचांग काढलं, मोबाइलच्या उजेडात धरलं. "चतुर्थी घे. चार पाऊणे तीन. दुपारी तीनला भरती, सकाळी दहा-अकराला पोचलात की पाणी वर यायलाच लागलेलं. गणपतीचंही होईल."

"पण संकष्टीचा उपास असतो ना तुला? चंद्र उगवायला नऊ-साडेनऊ होतात. तोपर्यंत आपण परतीच्या रस्त्याला."

आईनं खिडकीतून पुढच्या ट्रकच्या लाल दिव्याकडे पाहिलं. तो गेली वीस मिनिटं तिथेच होता.

"मग माणगावातच बघू की चंद्र. इथं गाडी उभीच असते."